तिसऱ्या प्रतीचा गहू

ओरिस्या नावाच्या शेतकरणीची गव्हाची घोडागाडी कोठाराच्या चढावर अडली आणि हाल्वरचं आयुष्यही तिथंच अडलं.

वारा सुटलेला, भुसा डोळ्यांत जात होता. हाल्वरनं पुढं होऊन लगाम धरला, तशी ती वरूनच म्हणाली, "घोडा शहाणा आहे. व्यापाऱ्याचा वास आला त्याला."

"आणि तुला?"

"मला अजून यायचाय…"

कॅनडातल्या सस्कॅचवानच्या त्या माळावर रेल्वेच्या कडेला उभ्या कोठारांत एक हाल्वरचं होतं. विकायला आलेल्या गव्हाची प्रत आणि भाव तो दातांनी ठरवायचा. चिमूटभर दाणे तोंडात टाकून चावत राहायचं. चांगल्या गव्हाचा चिवट गोळा होतो, थंडीनं मारलेल्याचा नुसता चिखल. ओरिस्याही समोर उभी राहून चावू लागली.

"पहिली प्रत," ती म्हणाली.

"ते मी ठरवायचं."

"मग ठरवा की. मला कुठं घाई आहे…"

दोघं चावत उभी, एकमेकांकडं बघत. दोन हंगाम असेच गेले. गाव काय आंधळं नव्हतं.

तिसऱ्या हंगामात एका सकाळी हाल्वरनं दाढी केली. आज विचारायचंच. पण ओरिस्या आली तेव्हा शेगडीभोवती चार शेतकरी शेकत बसलेले.

"आली रुमालवाली," एकजण म्हणाला. "हिला न चावताच पहिली प्रत."

चौघं हसले. हाल्वरनं दाणे तोंडात टाकले. असा चिवट गोळा झाला की दात रुतावेत. त्यानं मान खाली घातली.

"तिसरी."

ती भांडली नाही. डोक्याचा रुमाल सोडून त्यात मूठभर गहू बांधला आणि गाडी रुळांपलीकडच्या कोठाराकडं वळवली. आपण सचोटीनं वागलो, अशी हाल्वरनं स्वतःची समजूत घातली. भेकड माणसाला ही समजूत फार लवकर पटते.

रविवारी ती आली. कोठारात चिटपाखरू नव्हतं. तिनं रुमालाची गाठ सोडली.

"चाव."

तिनं पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं होतं. तो बराच वेळ चावत राहिला.

"पहिली," तो म्हणाला.

"मग त्या दिवशी?"

"लोक होते, ओरिस्या… आणि त्याच दिवशी मी तुला विचारणार होतो—"

"ठाऊक आहे. दाढी केली होतीस." ती किंचित हसली. "मी हो म्हणणार होते."

"मग अजूनही—"

"लोक तर लग्नालाही असतात, हाल्वर. नंतर जन्मभर असतात."

तिनं रुमाल झटकला, डोक्याला बांधला आणि निघाली. माळावर जाणारं माणूस फार वेळ दिसत राहतं. हाक मारायला तेवढा वेळ पुष्कळ होता. पण तोंडात तो गोळा होता… थुंकवेना, गिळवेना.