देवळालीची चांदीची किटली

यातलं एक अक्षरही बनवून सांगत नाही. मी तिथेच होते.

१९८० चा जानेवारी. नाशिक, भद्रकाली. शुक्रवारची दुपार.

माझे अब्बा, शौकतभाई, चांदीचे कारागीर. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. चांदीचा भाव तेव्हा भडकला होता. लोक जुनी भांडी वितळवायला आणत. त्या दुपारी देवळालीच्या एका बंगल्यावरचा माळी, सावळीराम, इंग्रजी किटली घेऊन आला. दीडशे वर्षांपूर्वीची. तळाला सिंहाचा छाप, शेजारी बनवणाऱ्याच्या नावाची दोन अक्षरं.

अब्बा ती किती वेळ फिरवून बघत राहिले.

"रेहाना, काय हात असेल या कारागिराचा! कुठे जोड दिसतो का बघ. सावळीराम, हिला आगीत टाकायला मन होत नाही."

"मालकीण ऐकत नाय, शौकतभाई. वितळवूनच आण म्हणली."

किटली मुशीत गेली.

आणि... टक. टक. टक.

पत्र्यावर हातोडी पडावी तसा आवाज.

हातोडी खुंटीला होती. ऐरणीपाशी कुणीच नव्हतं.

सावळीराम चांदी घेऊन गेला. आवाज थांबला.

मग अब्बांचा उजवा हात हलायला लागला...

वर, खाली. वर, खाली.

"बेटा, हे मी नाही करत."

अम्मीने हात धरला. मी धरला. थांबेना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दर्ग्यात नेलं. ओढणीने हात खाटेला बांधला, तर खाट हलायला लागली.

झोपेतही हात चालूच.

अकराव्या दिवशी अब्बा रडले. "दे त्याला हातोडी."

मी दिली. समोर चांदीचा पत्रा ठेवला.

अब्बांनी जन्मभर पैंजण आणि जोडवी केली होती. किटली कधीच नाही. पण चार दिवसांत पत्र्याला पोट आलं, गळा आला... चोच आली. मी पत्रा तापवून देत होते. अम्मी घास भरवत होती. अब्बा मान फिरवून बसायचे. त्या हाताकडे बघायचेसुद्धा नाहीत.

पाचव्या दिवशी झाकण बसलं. हुबेहूब तीच, वितळवलेली किटली.

हातोडी गळून पडली.

तो हात पुन्हा कधी हललाच नाही. माशी बसली तरी नाही.

किटली अम्मीने सावळीरामला देऊन टाकली. दुकान बंद झालं.

अब्बा आणखी सहा वर्षं जगले. शेवटच्या दिवशी मी त्यांचा डावा हात धरून बसले होते.

"बेटा... गेला का तो?"

माझ्या हातात त्यांची बोटं हळूहळू आवळत होती. हातोडीचा दांडा धरावा तशी...

"गेला, अब्बा," मी म्हणाले.

त्यांचा हात मात्र मी सोडला नाही.