सिमेंटचा खडक

"ए, माझ्या रोपांवरून पाय काढ."

मी फळीवर पालथी पडून वाफ्यात रोपं लावत होते. वर बघितलं तर हातात वही घेतलेला एक मुलगा.

"सॉरी... त्या खडकाकडे बघत होतो."

ऑस्विन नाव त्याचं. भूगर्भशास्त्र शिकायचा. मी माळीकाम करते त्या सार्वजनिक बागेत समुद्राच्या बाजूला उभा खडक आहे, त्याचे थर मोजून शुक्रवारी सरांपुढे मांडायचे होते.

मला हसू आलं. तो खडक खोटा आहे. एकशेचाळीस वर्षांपूर्वी बाग बांधली, तेव्हा फुटक्या विटा रचून वर सिमेंट थापलं आणि ओल्यातच थर कोरले. माझे आजोबा इथलेच माळी, दर उन्हाळ्यात त्याला ठिगळं लावायचे. मी त्याला हे सांगणारच होते... पण त्यानं वाकून मोडलेलं रोप उभं केलं, बोटानं हळूच माती दाबली. आणि मी गप्प बसले. सांगितलं असतं, तर तो संध्याकाळच्या गाडीनं निघून गेला असता.

चार दिवस तो चित्रं काढत होता. पाऊस आला की आम्ही काचेच्या निवाऱ्यात बसायचो. वर छप्पर, मध्ये काचेच्या भिंती आणि चारी बाजूंना बाहेर तोंड केलेली बाकं. वारा फिरला की उठून पलीकडे जायचं. दर वेळी तो आधीपेक्षा जवळ बसायचा.

गुरुवारी चिप्स खाताना म्हणाला, "शाळा का सोडलीस, ब्रायनी?"

"सरांशी भांडले. ते चुकीचं शिकवत होते, मी तोंडावर सांगितलं."

"मी चुकलो तर मलाही सांगशील?"

मी पुडा बाकावर ठेवला.

"तो खडक सिमेंटचा आहे."

तो हसला. मी नाही हसले. मग त्याचा चेहरा उतरला.

"चार दिवस नुसती बघत बसलीस?"

"हो."

"का पण?"

"तू गेला असतास म्हणून. कळलं? आता ओरड काय ओरडायचं ते."

तो ओरडला नाही. पावसातच खडकापाशी गेला, वाकून वाकून बघत राहिला, ठोकत राहिला. ओलाचिंब होऊन परत आला.

"आत पोकळ वाजतंय." मग केस झटकत, "हे थर कसे कोरले... कुणाला माहितीये?"

"आजोबांना. पण ते बोलायला लागले की आठवडा जातो."

"उद्या सरांना हेच सांगतो. शनिवारी येतो."

"आजोबांकडे?"

"आधी तुझ्याकडे," तो म्हणाला, आणि माझ्या पुड्यातली शेवटची चिप उचलली.

मी त्याला ती खाऊ दिली. एरवी हात तोडला असता.