दोन ओवादिया

लिबाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते काचेतून. पाच फुटी काच छातीशी धरून तो दारात उभा होता. बाहेर मेलबर्नचा जुलैमधला बारीक, चिवट पाऊस. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि त्यामागचा चेहरा वाहत चालल्यासारखा दिसत होता. नाक कुठे, डोळे कुठे…

"दार धरता का जरा?" तो चेहरा म्हणाला. "नाहीतर तुमच्याकडे आणखी एक फुटकी वस्तू जमा होईल."

तिने दार धरलं. तो आत आला, काच भिंतीला टेकवली, आणि तेव्हा कुठे चेहरा जागच्या जागी आला. भिजलेले कुरळे केस, कानामागे पेन्सिल, आणि एका भुवईत जुनी चीर. नेहमीच्या काचवाल्याची कंबर धरली होती, म्हणून हा आला होता. नाव दाविको नाहमियास. ते आडनाव तिच्या हातून नुकतंच कुठे तरी लिहिलं गेलं होतं, पण कुठे ते त्या क्षणी काही आठवेना.

कॉलफील्डमधलं ते जुनं घर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातून जीव घेऊन निघालेल्या दहा-बारा पोलिश ज्यू म्हाताऱ्यांनी उभं केलेलं संग्रहालय होतं. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि पत्र्याची अडगळ. लोक बुटांच्या खोक्यांतून फोटो आणून देत, पत्रं आणून देत, मुलाच्या एका पायातला मोजा आणून देत. सव्वीस वर्षांची लिबा शायनफेल्ड ते सगळं उघडायची, कार्डावर नोंदवायची, आणि प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली लावायची चिठ्ठी लिहायची. रविवारी सकाळी नवं प्रदर्शन उघडायचं होतं, मारल्या गेलेल्या कुटुंबांच्या फोटोंचं. आज मंगळवार होता.

सहा पेट्यांना काचा बसवायच्या होत्या. दाविको शीळ घालत पाच पेट्यांच्या काचा बसवत गेला. सहाव्या पेटीशी शीळ थांबली.

लिबाने मान वर केली. तो वाकून वाचत होता. मग सरळ झाला, हातातला स्क्रू खिशात टाकला, आणि हळूच म्हणाला, "या चिठ्ठीवर मी काच बसवणार नाही."

पेटीत दोन फोटो होते. एकात पांढऱ्या दाढीचा, गोंड्याची फेज टोपी घातलेला म्हातारा. दुसऱ्यात खुर्चीवर उभं केलेलं तीन वर्षांचं पोर. ग्रीसमधल्या सालोनिका शहराचे. सिडनीच्या कुणा बाईंनी पाठवलेले, मागे नावं, आजोबा-नातू हे नातं, आणि सालं फक्त पोराची लिहिलेली. दोघांचंही नाव ओवादिया नाहमियास. पोराच्या चिठ्ठीत लिबाने लिहिलं होतं: जन्म १९४०, ऑशविट्झ येथे १९४३ मध्ये मारला गेला. म्हाताऱ्याच्या चिठ्ठीत: मृत्यू १९४० पूर्वी, सालोनिका.

"हे माझे आजोबा," दाविको म्हणाला. "सिडनीची बाई माझी आत्या. तुम्ही आजोबांना तीन वर्षं आधीच मारून टाकलंत. तेही घरच्या अंथरुणात."

"पण नातवाला त्यांचं नाव आहे ना?" लिबा म्हणाली. "म्हणजे नातू जन्मला तेव्हा ते…"

"तेव्हा ते शेजारीच उभे होते. मिठाई वाटत."

 लिबाच्या घरात, तिच्या आईवडिलांच्या गावात, तिला माहीत असलेल्या सगळ्या पोलिश घरांत जिवंत माणसाचं नाव बाळाला ठेवत नसत. तसं करणं म्हणजे त्या माणसाचं मरण ओढवून आणणं. हे कुणी शिकवावं लागत नाही, गरम तव्याला हात लावू नये तसं ते माहीत असतं. चिठ्ठी तिने लिहिली होती, चौघा म्हाताऱ्यांनी वाचली होती, आणि लोद्झच्या, बिआलिस्तोकच्या, क्राकोच्या एकालाही त्यात काही खटकलं नव्हतं.

"आमच्यात पहिला नातू आजोबांच्याच नावाचा," दाविको सांगत होता. "आजोबा जिवंत असले तर उलट मान. तुमच्यात काय, नाव हवं तर आधी कुणी मरावं लागतं?"

तो हे चेष्टेतच म्हणाला असावा. पण लिबा हे तिच्या आईच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं, आणि ती बहीण एकोणिसाव्या वर्षी गेली होती. लिबाने तसं सांगितलं. त्याची चेष्टा विरून गेली. तो कानामागची पेन्सिल काढून उगाच बघत बसला.

फोगेलकाका संग्रहालयाचे प्रमुख. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तेच सांगितलं जे ते नेहमी सांगत: कागद दाखवा, नाहीतर तो कागद ज्याच्याकडे असेल किंवा ज्याने पाहिलं असेल त्याची सही केलेली साक्ष. मुलाने बापाकडून ऐकलेलं चालणार नाही. आपण एक चूक केली म्हणून दुसरी अंदाजाने करायची नाही, उद्या कुणी तरी उठून म्हणेल की हे सगळंच अंदाजाचं आहे. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायच्या आत पुरावा आला नाही तर दोन्ही फोटो काढून घ्या. शनिवारी इथे पेनाला हात लागणार नाही, हे तर ठरलेलंच.

दाविकोचे वडील लेऑन शहात्तर वर्षांचे होते. युद्धात ते डोंगरात बंडखोरांबरोबर होते, आणि खाली शहरात त्यांचा बाप, बायको एस्तेरिना आणि मुलगा, तिघांना जर्मनांनी रेल्वेगाडीत घालून नेलं होतं. मेलबर्नला येऊन त्यांनी दुसरं लग्न केलं, दाविको झाला, ती बायकोही चार वर्षांपूर्वी वारली. त्या पहिल्या घराबद्दल त्यांनी मुलाला सगळी मिळून चार वाक्यं सांगितली होती. आता आत्याच्या भरीला पडून रविवारी यायला कसेबसे तयार झाले होते. कोटाला इस्त्रीही करून ठेवली होती. पेटी रिकामी दिसली, किंवा पेटीत ती चिठ्ठी दिसली, तर ते मागच्या पावली फिरतील आणि पुन्हा तोंड उघडणार नाहीत. दाविकोला याची खात्री होती.

"मग त्यांनाच विचारू या," लिबा म्हणाली.

"मी एकतीस वर्षं विचारलेलं नाही."

"मी विचारते."

तो नाही म्हणाला.

बुधवारी तो पुन्हा आला, पहिल्या पेटीची काच हलते म्हणून. ती हलत नव्हती. लिबाने दोनदा बोटाने दाबून पाहिली. गुरुवारी तो मोजपट्टी विसरली म्हणून आला, आणि सोबत कागदात बांधलेले चीजचे गरम बोरेकास घेऊन. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्याने खाताना तो म्हणाला, तुमच्या लोकांना गोड मासा कसा काय खाववतो? ती म्हणाली, ज्यांना वांग्याशिवाय दुसरी भाजी माहीत नाही त्यांनी बोलू नये. तो हसला. ती पण हसली… आणि लगेच कपाटाकडे वळली. तिला एका जागी थांबवतच नव्हतं. दोन दिवस ती जुनी कार्डं उपसत होती. नावावरून आपण आणखी कुणाकुणाला मारून ठेवलंय? आणखी दोन सापडले, दोघेही दाविकोच्या रितीचे, एक ग्रीसच्या रोड्स बेटावरचा, एक तुर्कस्तानातल्या इझमीरचा. ती कार्डं तिने परत कपाटात न ठेवता टेबलावर समोरच मांडली. आणि दारावर काही वाजलं की हातातलं काम तसंच टाकून ती दाराकडे बघायची.

"तुम्ही काल झोपलेल्या दिसत नाही," दाविको म्हणाला.

"तुम्ही मोजपट्टी घेतली का?"

"ती खिशातच होती," तो म्हणाला. जरा वेळाने, कागदाची घडी घालत, म्हणाला, "उद्या बाराला नेतो तुम्हाला बाबांकडे. पण ते गप्प बसले तर त्यांना तसंच बसू द्यायचं."

लेऑन नॉर्थकोटमध्ये राहत. सगळे ज्यू शहराच्या दक्षिणेला, आणि हे एकटे उत्तरेला, ग्रीक लोकांत. भाजीवाल्याशी ग्रीकमध्ये भांडता येतं म्हणून, दाविकोने व्हॅनमध्ये सांगितलं. लेऑननी दार उघडलं, लिबाला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि तिच्यासमोर तपकिरी होईतो रात्रभर शिजवलेली अंडी आणि घट्ट कॉफी ठेवली. खाल्ल्याशिवाय बोलायचं नाही, हे त्यांनी हातानेच सांगितलं.

लिबाने अंडं खाल्लं. मग सरळ सांगून टाकलं. चूक माझी आहे. मी नाव पाहिलं आणि तुमच्या वडिलांना मेलेले धरलं. आमच्याकडे तशी रीत आहे म्हणून. मी कुणालाही विचारलं नाही.

लेऑन बराच वेळ टेबलावरची टरफलं गोळा करत राहिले. दाविको उठायला लागला. लिबाने टेबलाखालून त्याची बाही धरली आणि तो खाली बसला.

मग म्हाताऱ्याने खिशातून चष्म्याचं घर काढलं. चष्मा बाजूला ठेवला, आतलं मखमलीचं फडकं उचललं. खाली चौघडी घातलेला, कडा झिजून मऊ झालेला कागद होता. दाविकोने ते घर जन्मापासून पाहिलेलं होतं, वडिलांना कितीदा तरी शोधून दिलेलं होतं. त्याचा हात टेबलावर तसाच राहिला.

स्टेशनजवळच्या वस्तीत सगळ्यांना कोंडलं होतं, तिथून ही चिठ्ठी एका रेल्वेवाल्याने डोंगरात पोचवली होती. लेऑननी ती, स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या पूर्वजांपासून घरात चालत आलेल्या जुन्या स्पॅनिशमध्ये वाचली, मग लिबासाठी पुन्हा सांगितली. "दोघेही ओवादिया बरे आहेत. थोरल्याला हाक मारली की धाकटा धावत येतो, आणि धाकट्याला रागावलं की थोरला रुसतो. एस्तेरिनाचा खोकला कमी आहे. उद्या आमची पाळी म्हणतात. थंडी आहे तिकडे, लोकरीचं घेतलंय."

"खाली माझ्या बाबांची सही आहे," ते म्हणाले. "रेल्वेवाल्याने त्यांना चढताना पाहिलं. पोर त्यांच्या कडेवर होतं. सत्तरी उलटलेला माणूस, पण खाली ठेवलं नाही म्हणाला."

कागद मात्र त्यांनी पुन्हा चष्म्याच्या घरात ठेवला. लिबाने मागितलाही नाही. तिने प्रत्येक शब्द लिहून घेतला, वाचून दाखवला, आणि त्यांनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर.

बाहेर आल्या आल्या तिने घड्याळ पाहिलं. सव्वातीन. पाचच्या आत शब्बाथच्या मेणबत्त्या लागणार.

पंट रोडवर पावसात गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या. व्हॅनमध्ये काचा पक्क्या करायच्या लांबीचा, ओल्या लाकडाचा वास. लिबा कागद कोटाच्या आत धरून बसली होती आणि पाय सारखे हलवत होती.

"पाय हलवून गाडी पळत नाही," दाविको म्हणाला.

"तू रस्त्याकडे बघ."

तो रस्त्याकडे बघत राहिला. जरा वेळाने, अगदी सहज, म्हणाला, "मला 'तू' म्हणालीस."

"काय?"

"काही नाही. रस्त्याकडे बघतोय."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. काचेवर थेंब थेंबांना मिळत होते. कान इतके गरम झाले होते की काचेला लावावेसे वाटले.

फोगेलकाकांनी साक्ष भिंग लावून वाचली. दोनदा. पाचला पस्तीस मिनिटं होती आणि त्यांना घाई नव्हती. शेवटी भिंग खाली ठेवून म्हणाले, "मीही वाचली होती ती फोटोखालची चिठ्ठी. मला वाटलं, बरं झालं, एक तरी आपल्या घरी मेला." आणि तिला शाईची दौत पुढे केली. छापखाना बंद झालेला, हातानेच लिहायचं होतं.

पहिलं कार्ड डागाळलं. दुसऱ्यावर हात थोडा स्थिर झाला: *ओवादिया नाहमियास, वय ७१. मार्च १९४३ मध्ये नातू ओवादिया याला कडेवर घेऊन गाडीत चढले. त्यांची शेवटची चिठ्ठी आणि पाहणाऱ्याचा निरोप, मुलाने जपलेले.* दाविकोने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, काच उचलली, बसवली. स्क्रू फिरत होते आणि फोगेलकाका हॅट घालून दारात उभे होते. पाचला पाच मिनिटं कमी असताना शेवटचा स्क्रू घट्ट झाला. दोघे पेटीच्या दोन बाजूंना उभे, मध्ये काच, आणि या वेळी तिच्यावर पाणी नव्हतं. लिबाने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे… काकांनी दिवा बंद केला.

रविवारी खोल्या माणसांनी भरल्या. लेऑन इस्त्रीच्या कोटात आले. ते सहाव्या पेटीपुढे इतका वेळ उभे राहिले की मागची रांग आपसूक वळून पुढे जाऊ लागली. वाचून झाल्यावर त्यांनी लिबाला जवळ बोलावलं आणि शेवटची ओळ वाकडी का गेली ते विचारलं. ती म्हणाली, घाई होती. त्यांनी मान हलवली आणि काचेवर तळवा ठेवला. दाविको म्हणाला, बाबा, डाग पडतो. "पडू दे," ते म्हणाले.

मग चहाच्या टेबलाशी लिबाची आई त्यांना भेटली. बोलता बोलता नावांच्या रितीचा विषय निघालाच. आई ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे उद्या दाविकोला मुलगा झाला," ती म्हणाली, "तर त्याचं नाव… तुमच्या देखत?"

"लेऑन," दाविको म्हणाला. आईकडे नाही, लिबाकडे बघत. "पहिला तर लेऑनच."

आईने तीनदा थू थू केलं. असं करू नये, ती कळवळून म्हणाली. यमदूत येतो तेव्हा त्याचा गोंधळ होतो, एकाच्या ऐवजी तो दुसऱ्याला उचलतो.

"आमच्याकडे आला होता एकदा," लेऑन शांतपणे म्हणाले. "बाई, त्याच्याकडे यादी होती. त्याचा काही गोंधळ झाला नाही. दोघांनाही घेऊन गेला."

 आईच्याही घरावर तशीच यादी घेऊन आले होते. तिने कप खाली ठेवला, त्यांच्या कोटाच्या बाहीवरचा धागा काढला, आणि जरा वेळाने दबक्या आवाजात विचारलं, "तुमचं वय किती?"

"शहात्तर."

"तब्येत सांभाळा मग."

दाविको हसू दाबत होता. लिबाला मात्र हसू येत नव्हतं.  तिला आजोबा आठवले, आईचे वडील, ज्यांचा फोटोसुद्धा कुणाकडे उरला नव्हता, फक्त नाव होतं आणि तेही अजून कुणाला दिलेलं नव्हतं.

"आणि दुसऱ्याचं श्मुएल," ती म्हणाली. "आजोबांचं. आमच्या रितीने."

 दाविकोच्या हातातला केकचा तुकडा तोंडापर्यंत जाता जाता राहिला.

"दुसऱ्याचं?" तो म्हणाला.

लिबाला आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. कान पेटले. आई आ वासून बघत होती, लेऑन फार मन लावून साखर ढवळत होते. शब्द परत घ्यायला अजून वेळ होता, हसून उडवून देता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "दुसऱ्याचं."