नवमीला उचललेला रंधा

मला कशाला बोलायला लावता रे? जेवण झालंय, पंखा चालू आहे, झोपा की गप. म्हणे भुताची गोष्ट. संदेश, तो मोबाईल आधी खाली ठेव. सान्वी, मधे प्रश्न विचारलास तर उठून जाईन मी.

आपल्या कोपरीतला विनीत सुतार. त्याच्याबरोबर झालेलं. पंचवीस सालची खंडेनवमी, एक ऑक्टोबर, बुधवार.

विनीतला काम शिकवलं त्याच्या काकाने, रतन सुताराने. रतनचा एक रंधा होता. चाळीस वर्षं लाकूड तासून त्याची मूठ अशी झिजलेली, की रतनचाच हात तिथे बसावा. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. "माझ्यापेक्षा त्यालाच जास्त जपतो मेला," असं त्याची बायको नंदाकाकू म्हणायची. पुढे मशिनी आल्या. रतन आजारी पडून घरी बसला. आणि विनीतने काय करावं? दुकानाचं दार वाऱ्याने आपटतं, तर तो रंधा दाराला अडण म्हणून लावला.

रतन अंथरुणातून एकच मागायचा. एकदा माझा रंधा हातात द्या. नंदाकाकू दुकानात गेली.

"कुठे ठेवलाय बघायला लागेल, काकू. शोधून देतो," विनीत म्हणाला.

रंधा त्याच्या पायाशी होता. वाकायचा कंटाळा.

तिसऱ्या दिवशी रतन गेला.

नवमीला काकूने रंधा आणला, पुसला, तेल लावलं. बाकीच्या हत्यारांसोबत पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. त्या दिवशी सुतार हत्यार उचलत नाही. दसऱ्याला पूजा हलवली की मगच.

रात्री नऊला विनीत घाईघाईत घरी आला. घोडबंदर रोडला प्रशांत म्हणून गिऱ्हाईक, चौदाव्या मजल्यावर नवा फ्लॅट, दसऱ्याला सकाळी सातला गृहप्रवेश. आणि देवघराच्या खोलीचं दार फरशीला घासत होतं. संध्याकाळी सातनंतर सोसायटी मशीन लावू देत नाही, आणि हाताने मारायचा रंधा त्याच्याकडे तेवढा एकच. प्रशांतच्या ओळखीतले आणखी सहा फ्लॅट विनीतला मिळणार होते. दार अडलं असतं तर सगळंच गेलं असतं.

"आज नको उचलूस रे," काकू म्हणाली. "त्याचा आहे तो."

"काका आता बघायला येणार आहे का?"

उचलला. कुंकवासकट.

माजिवड्याला ट्रॅफिक. पोचेपर्यंत सव्वाअकरा झाले. फ्लॅट रिकामा. त्याने दार उतरवलं, आडवं घातलं, चार हात रंधा मारला. पुन्हा बसवून पाहिलं. लोण्यासारखं फिरलं. रंधा खाली ठेवून तो पाणी प्यायला गेला.

सर्रर्र...

वळून बघितलं. रंधा जागेवरच.

सर्रर्र... सर्रर्र... आणि खोकला.

दोन हात मारले की रतन खोकायचा. अख्ख्या कोपरीला पाठ होतं ते.

"कोण आहे...?"

कोणी नाही. सगळे दिवे चालू. खोली लख्ख. कोणीच नाही.

इथून निघायचं, एवढंच त्याच्या डोक्यात. रंधा उचलायला वाकला. मुठीवर हात ठेवला.

त्याच्या हातावर आणखी एक हात आला.

थंड. खरखरीत. दिसत नव्हता.

विनीतने ओढून बघितलं. हात सुटेना. आणि रंधा चालायला लागला... हळूहळू... कानाशी कोणीतरी विचारलं,

"सापडला का रे?"

...

पुढचं तो सांगत नाही. विचारलं की भिंतीकडे तोंड करतो.

विनीत परतला नाही, काकूचा रात्रभर डोळा लागला नाही. पहाटे शेजारच्या माझ्या घराचं दार वाजवून मला उठवलं, रिक्षाने गेलो. दार जागेवर, छान बसलेलं. विनीत कोपऱ्यात बसलेला, उजवा हात मांडीवर उताणा. काकूने रंधा पदरात गुंडाळला. प्रशांत पाहुण्यांसमोर ओरडत होता, "दारू पिऊन पडलाय हा."

मी म्हटलं, "दारू नाही. रतन येऊन गेला."

"काका, या वयात खोटं बोलता? लाज वाटत नाही?"

मी विनीतचा हात उचलून त्याच्यासमोर धरला. रक्त नाही. खरचटलेलंसुद्धा नाही. पण तळव्यावर एक रेघ नाही. बोटांवर नाही, अंगठ्यावर नाही. पॉलिश मारायला तयार केलेल्या फळीसारखा हात. त्या हातात आता चमचा टिकत नाही, सटकतो. डॉक्टरला विचारलं तर तो दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी देतो.

प्रशांतने तेव्हा स्वतः तळव्यावरून बोट फिरवलं. फिरवलं आणि झटकन मागे घेतलं. आत जाऊन पूजेला बसला. चारचौघांत मला खोटारडा ठरवलं, त्याची माफी अजून मागायचीय त्याने. त्या प्रशांतने.