पाणी काढले आहे

रविवारी सकाळी सात वाजता फोन खणखणला, तेव्हा ईनिड गार्साइड अंडं उकडत होती. पलीकडे एमॉस क्रॅबट्री होता.

"क्लेमची गाडी परत बंद," तो म्हणाला. "परत तेच. रोटर गायब."

ईनिडने गॅस बंद केला, टोपी घातली आणि निघाली. ही तिसरी खेप होती. जानेवारी, फेब्रुवारी आणि आता मार्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी युद्धापूर्वीच्या छोट्या गाड्यांच्या क्लबची फेरी निघायची वेळ आली, की क्लेमच्या, म्हणजे क्लेमेंट हॉलरॉइडच्या, १९३० सालच्या ऑस्टिनमधला रोटर नाहीसा व्हायचा. रोटर म्हणजे बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा, प्लगांना ठिणगी वाटून देणारा. तो नसला की हँडल मारून मारून खांदा निखळेल, पण इंजिन हूं की चूं करणार नाही.

ईनिड या क्लबची चिटणीस. त्याआधी तीस वर्षं गावची पोस्टमास्तर. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात कोणाला कोणाचं पत्र येतं हे जिला तोंडपाठ, तिला एक भुरटा सापडू नये, याचा तिला भारी संताप आला होता.

क्लेम शेडमध्ये स्टुलावर बसून प्लगची फट जुळवत होता. वय शहात्तर, जन्म कापडगिरणीत माग दुरुस्त करण्यात गेलेला. कोंबड्यांच्या खुराड्यात सापडलेल्या सांगाड्यातून त्याने आणि एमॉसने नऊ वर्षं खपून ही गाडी उभी केली होती. क्लेम फटीला माप लावत नव्हता, नुसतं बोट फिरवत होता. नव्या मंडळींना हे सात जन्मांत जमायचं नाही, असं ईनिडला वाटलं.

"काल इंजिन कधी चालवलंस?" तिने विचारलं.

"चार वाजता. पाणी भरलं, पाच मिनिटं चालवलं, बंद केलं."

"पाणी काढून टाकलंस?"

"सकाळी निघायचं म्हटल्यावर कशाला काढू?"

"शेडची किल्ली?"

"कुंडीखाली. साऱ्या गावाला ठाऊक आहे." क्लेमने प्लग फडक्याला पुसला. "सोड ना, ईनिड. कशाला खोदत बसतेस? विकून टाकतो झालं."

ईनिडचं लक्ष स्टिअरिंगकडे गेलं. तिथे पुठ्ठ्याची पाटी लटकत होती: 'पाणी काढले आहे'. थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठलं तर इंजिन तडकतं, म्हणून ही मंडळी रोज पाणी काढतात आणि कोणी चुकून कोरडी गाडी सुरू करू नये म्हणून पाटी लावतात. रात्री कडाक्याची थंडी पडली होती. रेडिएटरची तोटी उघडी होती आणि खाली फरशीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

म्हणजे चोराने रोटर नेला, आणि जाता जाता इंजिनाची काळजीही घेतली. असला मायाळू चोर ईनिडने आयुष्यात पाहिला नव्हता.

"काही विकायचं नाही," ती म्हणाली. "एप्रिलच्या फेरीत तुझी गाडी सगळ्यांच्या पुढे असेल. हा माझा शब्द."

तो शब्द तिने उगीच दिला नव्हता. मागच्या उन्हाळ्यात घाटमाथ्यावर तिच्याच गाडीचा रोटर तडकला होता. मुसळधार पाऊस, आसपास चिटपाखरू नाही. क्लेमने आपल्या सीटखालचा सुट्या भागांचा डबा उघडून तिला रोटर दिला होता आणि नंतर परतही घेतला नव्हता. माझ्याकडे अजून दोन आहेत, म्हणाला होता.

सोमवारी एमॉसला रोटर शेडच्या खिडकीत सापडला. लोण्याच्या कागदात नीट गुंडाळलेला. आधीच्या दोन्ही वेळांसारखाच.

क्लबात सगळ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. लायोनेल प्रेंटिस हा वर्षापूर्वी लीड्सहून आलेला, तीन चकचकीत गाड्यांचा मालक. क्लेमची गाडी त्याने दोनदा मागितली होती. गाडी रुसली की म्हातारा कंटाळेल आणि विकेल, असा त्याचा डाव असणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नवा माणूस म्हणजे आयता बकरा.

ईनिड त्याला घेऊन शेडमध्ये आली. तिने रेडिएटर भरला होता.

"शनिवारी संध्याकाळी कुठे होता तुम्ही?"

"घरी. एकटाच. साक्षीदार म्हणून माझं मांजर चालेल का, मिसेस गार्साइड?"

"मांजर राहू द्या. एवढं पाणी काढून दाखवा."

लायोनेल वाकला. तोटी पकडून त्याने पिळली. हलेना. त्याने दात-ओठ खाऊन जोर लावला, तशी ईनिडने त्याचा हात धरला. "पुरे. मोडाल."

तोटी मुळात गाडीची नव्हतीच. एका मोडीतल्या चहाच्या बंबाची होती आणि ती उलटी उघडायची. गाडी बांधताना ती ज्यांनी बसवली, त्यांनाच हे ठाऊक.

ती बसवणारे दोघेच होते.

गुरुवारी दुपारी ईनिडने क्लेम, एमॉस आणि लायोनेल या तिघांना क्लेमच्याच स्वयंपाकघरात बसवलं. क्लेमने चहा ओतला, प्रत्येक कपाच्या काठावर आतून बोट धरून. एक थेंब सांडला नाही. ईनिडने सगळं क्रमाने सांगितलं. चोराला किल्ली माहीत होती, पण ती तर गावालाच माहीत. रोटर तो फेकत नव्हता, लोण्याच्या कागदात जपत होता आणि फेरी सरली की परत करत होता. त्याला गाडी बिघडवायची नव्हती, फक्त एक दिवस थांबवायची होती. आणि शनिवारी थंडी वाढलेली पाहून त्याच्याने राहवलं नाही. चोरी करायला आलेल्या माणसाने सवयीने पाणी काढलं, सवयीने पाटी लावली. उलटी तोटी त्याला अंधारातही उघडता आली असती.

"एमॉस," ती म्हणाली, "का रे?"

लायोनेलने मान वळवून पाहिलं. एमॉस कपात बघत राहिला.

"नोव्हेंबरात आम्ही दोघं चर्चपासून खाली येत होतो," तो म्हणाला. "रस्त्यात एक बाई होती. बाबागाडी घेऊन. हा थांबेना. मी हँडब्रेक ओढला. हा म्हणतो, ऊन डोळ्यांवर आलं." त्याने कप बाजूला सरकवला. "ऊन नव्हतं, ईनिड. सकाळपासून धुकं होतं."

"मग त्याला सांगायचं होतंस."

"सत्तावीस वर्षं शेजारी बसलोय त्याच्या. तू सांगून बघ."

आता क्लेम भडकेल म्हणून ईनिड सावरून बसली. तो भडकला नाही. त्याला आश्चर्यही वाटलेलं दिसलं नाही. तो मेजावर चाचपत साखरेचं भांडं शोधत होता, आणि भांडं त्याच्या समोरच होतं.

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कपाच्या काठावरचं बोट. मापाविना जुळवलेली फट. ज्याला ती कसब समजून कौतुक करत आली, ते कसब नव्हतं; डोळ्यांचं काम बोटं करत होती. आणि तो सीटखालचा डबा.

"क्लेम," तिने हळूच विचारलं, "तुझ्या डब्यात रोटर होते ना? अजून दोन?"

"आहेत."

"दोन मिनिटांचं काम होतं. तिन्ही वेळा."

"हो."

"मग बसवला का नाहीस?"

क्लेमला साखर सापडली. त्याने चमचा घातला, ढवळला.

"गाडी सुरू होत नाही, असं चारचौघांत म्हणता येतं," तो म्हणाला. "दुसरं म्हणवत नाही गं. पहिल्याच खेपेला लोण्याचा कागद हाताला लागला आणि कळलं, हे एमॉसचं काम. बरं वाटलं. म्हटलं, चालू दे असंच. तुला सोड म्हणालो होतो मी. पण तू पडलीस पोस्टातली."

लायोनेलवरचा आळ उतरला होता, पण तोही खाली मान घालून बसला होता. ईनिडला आपलं सगळं डोकं उचलून बाहेर टाकून द्यावंसं वाटलं. दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना न सांगता एक खोटं जपलं होतं, आणि तिने ते पुराव्यानिशी मोडलं होतं. आता ते पुन्हा जुळणार नव्हतं. तिच्या शब्दालाही काही अर्थ उरला नव्हता. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही. लपवायची गरजही नव्हती, हे जाणवून तिला आणखीच रडू आलं.

"डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली.

"जाऊन आलो. ऑक्टोबरात," क्लेम म्हणाला. "त्यांच्याकडे सुटे भाग नाहीत."

एप्रिलचा पहिला रविवार उजाडला. लायोनेल बाजूला बसवून नेतो म्हणाला होता, एमॉसही म्हणाला होता. क्लेमने दोघांना नको म्हटलं. त्याच्या शेडला कुलूप होतं आणि आत स्टिअरिंगला पाटी तशीच लटकत होती. तो कोट घालून फाटकात उभा राहिला. गाड्या एकामागून एक गेल्या, आणि प्रत्येक आवाजाला त्याने मालकाचं नाव घेऊन हात केला. एकही चुकला नाही.

ईनिडची गाडी शेवटची होती. तिने वेग कमी केला.

"ईनिड!" त्याने रस्त्याकडे तोंड करून हात हलवला. "तुझा तिसरा प्लग चुकतोय बघ."

तिनेही हात हलवला. हात हलवून उपयोग नव्हता, हे गाडी थोडी पुढे गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आणि मग तिने हॉर्न वाजवला.