छातीवरचा जरीचा वाघ

उत्तर व्हिएतनामच्या डोंगरात, नदीच्या वळणावर उभा असलेला थाकदा किल्ला पहाटेच्या धुक्यातून वर येई, तेव्हा पैलतीरावरचे बंडखोर प्रथम बुरुजाकडे पाहत. किल्लेदार लुआँग तेथे उभे दिसले, की त्या दिवसापुरता हल्ल्याचा विचार मागे पडे. त्यांच्या छातीवर जरीचा वाघ होता. हे हुद्द्याचे चिन्ह दरबारातून मिळे, आणि आपल्या पायरीहून वरचे चिन्ह अंगावर घालणाऱ्यास देहान्त शासन होते.

वेढ्याच्या चाळिसाव्या दिवशी दुपारी तापाने खंगलेले किल्लेदार शेवटच्या घटका मोजू लागले. उशाशी वैद्य आणि नायब व्हिएन, दोघेच.

"व्हिएन, कुमक येईपर्यंत मी मेलो हे कोणास कळता कामा नये. वाघ तुम्ही चढवा."

"आज्ञा शिरसावंद्य, सरकार. पण नायब कोठे गेला, असे शिबंदी विचारील."

किल्लेदारांचा श्वास थांबला होता. मग त्याचे उत्तर व्हिएननेच ठरवले. सायंकाळी वैद्याने चौकात सांगितले, की नायब व्हिएन तटावरून दोर सोडून पळाला.

त्या दिवसापासून व्हिएनच्या छातीवर वाघ, डोक्यावर शिरस्त्राण आणि तापाचे निमित्त सांगून तोंडावर फडके. आवाज ओळखू येईल म्हणून हुकूम कागदावर. व्हिएनबरोबर वीस वर्षे एका ताटात जेवलेला गोलंदाज तोआन बुरुजावर येऊन मुजरा करून म्हणाला, "सरकार, तो हरामखोर सापडला तर त्याचे मुंडके मला द्यावे."

व्हिएनने होकारार्थी मान हलवली.

किल्लेदार गेल्यापासून आठव्या दिवशी हल्ला झाला. व्हिएनच्या खांद्यात बाण रुतला, तरी त्याने कण्हणे गिळले आणि सूर्य मावळेपर्यंत तो बुरुजावरून हलला नाही. ते पाहून शिबंदी तटावर टिकली.

बाराव्या दिवशी कुमक आली. व्हिएनने तिच्या सेनापतींसमोर शिरस्त्राण उतरवले आणि वाघ तबकात ठेवला.

"किल्ला राखलात म्हणून शिर राहील," सेनापती म्हणाले, "हुद्दा राहणार नाही. समुद्रकाठच्या ठाण्यावर साधे शिपाई म्हणून जा."

तोआन वेशीपर्यंत आला. "मला एक शब्द सांगायचा होतास."

"सांगितला असता, तर तुला माझा इतका राग आला नसता. आणि तुझा राग पाहूनच सगळ्यांनी ते खरे मानले."

तोआनने हात पुढे केला, पण पहारेकऱ्यांनी दोघांना दूर सारले.

पुढची नऊ वर्षे व्हिएनने त्या ठाण्यावर भाला धरला. बोलायला चार माणसे होती. संध्याकाळी ती शेकोटीभोवती बसत, त्यालाही हाक मारत. तो येई, बसे, आणि बोलण्याची सवय सुटलेल्या माणसासारखा नुसता ऐकत राही.