डोळे भरून

प्रयोगशाळेतला बेडूक तीन दिवस एकाच माशीवर जीभ फेकत होता. माशी केव्हाच उडून गेली होती.

"सर, याला ती अजून दिसतेय," डॉ. शबाना मुजावर म्हणाल्या.

"दिसणारच!" डॉ. अच्युत पेंढारकर खुशीत होते. "डोळ्यातला दृष्टिरेणू मुळात वाकलेला असतो. उजेड पडला की तो सरळ होतो. त्यालाच आपण दिसणं म्हणतो. मग तो पुन्हा वाकतो आणि नव्या उजेडासाठी मोकळा होतो. माझे थेंब त्याला वाकूच देत नाहीत."

"म्हणजे तेवढ्या जागी नवं काही दिसणार नाही. यावर उतारा?"

"नाही. आणि मला आता दुसरं पाहायचंय तरी काय?"

सत्तरीतल्या या हट्टी माणसापुढे शबानांनी हात टेकले. पेंढारकरांची एकुलती मुलगी मंदाकिनी गुरुवारी शनीच्या एका चंद्राकडे निघणार होती, अठरा वर्षांसाठी. त्यांच्या हृदयाची दोनदा डागडुजी झालेली. ती परतेल तेव्हा आपण नसणार, हे त्यांनी मनाशी धरूनच ठेवले होते.

निघायच्या सकाळी त्यांनी तिला अंगणात उन्हात बसवले, थेंब घालून डोळे मिटले आणि तिच्यासमोर उघडले.

"बाबा, किती वेळ असं बघणार?" ती हसली.

"डोळे भरून बघू दे गं."

त्यानंतर ती कुठेच गेली नाही. चहाच्या कपावर, भिंतीवर, मिटल्या पापण्यांआडही तोच उन्हातला चेहरा तरंगत असे. बाकीचे जग पेंढारकर डोळ्यांच्या कडेने पाहत, ठेचकाळत चालत. गल्लीतले लोक हळहळत. पण खरे सांगायचे तर म्हातारा सुखात होता, इतका की हृदय थांबायचेच विसरले.

ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे असताना एका दुपारी फाटक वाजले.

"बाबा."

आवाज जाडसर झाला होता. नजरेच्या कडेला पांढऱ्या केसांची एक आकृती दिसली. त्यांनी घाईने तिकडे डोळे वळवले, तर तिच्यावर तिशीतली मंदा येऊन बसली. ते मान वाकडी करून पुन्हा पुन्हा पाहू लागले.

"खूप बदलले ना हो मी?"

"जराही नाहीस गं," ते म्हणाले. त्यांनी चाचपडत तिच्या गालावर हात ठेवला.

समोरचा चेहरा हसतच होता. बोटे मात्र ओली झाली.